तळघरातली प्रार्थना, रस्त्यावरची मिरवणूक : न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांतून

१८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे अमेरिकेत आली. त्यांतली बहुसंख्य दक्षिणेकडची होती : नेपल्सभोवतालच्या कांपानियातली, बाझिलिकाता, पुल्या आणि कालाब्रियातली, आणि समुद्रापलीकडच्या सिसिली बेटावरची. बहुतेकांचे पहिले पाऊल न्यूयॉर्कच्या बंदरात पडले आणि कित्येकांचा पुढचा सगळा जन्म त्याच शहरात गेला. माझी भाची जर्सी सिटीत राहते. यंदा जुलैमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा या माणसांच्या वस्त्या एकामागून एक, शक्य तेवढ्या पायी फिरून पाहायच्या असे आम्ही दोघींनी ठरवले होते. जुलै मुद्दाम निवडला, कारण ब्रुकलिन आणि ईस्ट हार्लेम येथल्या दोन जुन्या इटालियन जत्रा याच महिन्यात भरतात. उन्हाळा कडक असतो हे ठाऊक होते, पण या दोन जत्रा न पाहता या समाजाचा इतिहास कळला असे म्हणता येणार नाही, असे मला वाचनातून वाटत आले होते आणि ते खरे निघाले.

शुक्रवार : एलिस आयलंड

एलिस आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटी मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कमधून सुटतात, तशाच न्यू जर्सीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही सुटतात. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक न्यू जर्सीत राहतात, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग सोयीचा आहे. रांग लहान असते आणि बोट आधी एलिस आयलंडला व नंतर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याकडे जाते. शिवाय बोटीच्या धक्क्यालगतच सेंट्रल रेलरोडचे जुने भव्य स्थानक उभे आहे. बेटावरून सुटका झालेले हजारो स्थलांतरित येथूनच आगगाडीत बसून देशभर पांगले.

बेटावरचे तपासणी केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. मूळची लाकडी इमारत १८९७ मध्ये जळाली आणि आज दिसते ती लाल विटांची इमारत १९०० च्या डिसेंबरमध्ये उघडली. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच होई. बेटावर आणले जात ते जहाजाच्या तळाशी, तिसऱ्या वर्गातून आलेले लोक. १७ एप्रिल १९०७ या एका दिवशी येथे ११,७४७ माणसांची नोंद झाली. सामान घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला धाप लागते का, तो लंगडतो का, हे वर उभे असलेले डॉक्टर पाहत आणि संशय आलेल्याच्या कोटावर खडूने अक्षर काढत : हृदयासाठी एक, डोळ्यांसाठी एक, पायांसाठी एक. खुपरी आहे का हे पाहण्यासाठी बुटाची बटणे लावायच्या आकड्याने पापणी उलटी केली जाई. तो आकडा काचेच्या पेटीत ठेवलेला आहे आणि त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहावे लागले, कारण माझ्यापुढची एक आजी आपल्या नातवाला त्याचा उपयोग समजावून सांगत होती आणि तो मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात एक निवृत्त गृहस्थ स्वयंसेवक म्हणून माहिती देत होते. त्यांची आजी बाझिलिकातातून आलेली. एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी लोकांची नावे बदलली, ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही, असे ते प्रत्येक घोळक्याला आवर्जून सांगत होते. नावांची यादी जहाज निघाले त्या बंदरात तयार होई आणि येथले निरीक्षक ती केवळ पडताळून पाहत. त्यांच्या मदतीला दुभाषे असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी १९०७ ते १९१० या काळात येथे दुभाष्याचे काम केले होते.

ही माणसे घर सोडून का निघाली, याचे दालन मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. १८६१ मध्ये इटली एक झाली, पण दक्षिणेच्या वाट्याला प्रामुख्याने करांचा बोजा आला. जमीन थोड्यांच्या हाती होती, मलेरिया कायमचा होता, द्राक्षवेलींवर फिलोक्सेरा नावाची कीड पडली, आणि २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपाने सिसिलीतले मेसिना शहर जमीनदोस्त केले. तरीही आलेले सगळे कायमचे राहायला आले नव्हते. चार पैसे गाठीला बांधून गावी जमीन घ्यायची, या हिशेबाने आलेले तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक परत गेले, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही.

मग दार बंद झाले. १९०७ या एका वर्षात अडीच लाखांहून अधिक इटालियन आले होते. १९२४ च्या कायद्याने इटलीला वर्षाला ३,८४५ जागा ठरवून दिल्या. याच मालिकेतल्या १९१७ च्या कायद्याने तर हिंदुस्थानसह आशियाचा मोठा भाग सरसकट वर्ज्य ठरवला होता. राष्ट्रवार कोट्याची ही पद्धत १९६५ मध्ये रद्द झाली, आणि भाचीच्या शेजारी राहणारी निम्मी मराठी कुटुंबे आज तेथे आहेत ती त्या बदलामुळे. ती भिंतीवरचा तक्ता वाचून म्हणाली, “मावशी, म्हणजे त्यांचे आणि आपले दार एकाच किल्लीने उघडले.”

जाणाऱ्यांनी किमान चार तास हाताशी ठेवावेत. बेटावरच्या जुन्या रुग्णालयाची सहल वेगळ्या तिकिटाची असते आणि जागा मर्यादित असल्याने ती आधी राखून ठेवावी लागते.

शनिवार : मलबेरी स्ट्रीट आणि परिसर

सकाळी कोलंबस पार्कमध्ये गेलो. आज येथे चिनी आजोबा पटावर सोंगट्या मांडून बसतात, कोणी तंतुवाद्य वाजवते, बायका झाडाखाली पत्ते खेळतात. १८९७ मध्ये हे उद्यान होण्यापूर्वी या जागी मलबेरी बेंड होता, शहरातल्या सर्वांत दाट आणि बदनाम इटालियन वस्तीतले रस्त्याचे वळण. चिंध्या गोळा करणारे, रस्ते झाडणारे, गोदीवर ओझी वाहणारे आणि ‘पाद्रोने’ नावाच्या मुकादमांनी आगाऊ पैसे देऊन आणलेले मजूर येथे एकेका खोलीत दाटीने राहत. जेकब रीस या पत्रकाराने येथली छायाचित्रे काढली आणि १८९० मध्ये पुस्तकरूपाने ही गरिबी सुखवस्तू न्यूयॉर्कसमोर ठेवली. वस्ती पाडली जाऊन उद्यान झाले यात त्याचा वाटा मोठा. मात्र तो स्वतः डेन्मार्कहून आलेला स्थलांतरित असूनही इटालियनांविषयी लिहिताना त्याच्या लेखणीत जो तुच्छतेचा सूर येतो, तो आज वाचताना खटकतो.

उद्यानापासून जवळच मॉट स्ट्रीटवर ट्रान्सफिगरेशन चर्च आहे. इमारत १८०१ ची. १८५३ पासून ती कॅथलिकांकडे आहे आणि त्या वेळी कॅथलिक म्हणजे आयरिश. इटालियन आले तेव्हा त्यांना वरच्या प्रार्थनागृहात बसू दिले गेले नाही, त्यांची प्रार्थना तळघरात होई. एकाच धर्माची, एकाच पंथाची, एकाच रस्त्यावर राहणारी माणसे, आणि तरीही वरचा मजला एकांचा व खालचा दुसऱ्यांचा. हे मी वाचले होते, पण त्या दारातून आत जाताना त्याचा अर्थ अधिक टोचला. दर्शनी भिंतीवर पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या येथल्या तरुणांची नावे कोरलेली आहेत आणि ती जवळजवळ सगळी इटालियन आहेत. ज्यांना तळघरात बसवले त्यांची मुले या देशासाठी मेली. आज येथे चिनी भाषांतून आणि इंग्रजीतून प्रार्थना होते. आम्ही गेलो तेव्हा दारातली फुले बदलत असलेल्या एका चिनी बाईंनी आम्हाला हाताने खूण करून आत बोलावले आणि पंख्याखालच्या बाकावर बसवले.

कॅनॉल स्ट्रीट ओलांडला की लिटल इटली सुरू होते. पूर्वी येथे प्रत्येक रस्ता एकेका प्रांताचा होता : मलबेरीवर नेपल्सकडचे, एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे. ही माणसे स्वतःला इटालियन म्हणवतही नसत, ती आपल्या गावाची होती. त्यांना इटालियन हे एकच नाव दिले ते अमेरिकेने. मलबेरी आणि ग्रँड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १८८५ मध्ये सुरू झालेली स्टाबिले कुटुंबाची पेढी होती. गावी पैसे पाठवणे, जहाजाचे तिकीट काढणे, तार करणे, कागदपत्रांवर साक्ष देणे अशी सगळी कामे तेथे एका छताखाली होत. त्याच कोपऱ्यावर आता इटालियन अमेरिकन संग्रहालय आहे.

आजच्या मलबेरी स्ट्रीटविषयी स्पष्ट लिहिणे बरे. १९५० मध्ये या भागातल्या दहा हजारांवर रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे इटालियन वंशाचे होते. साठ वर्षांनंतरच्या जनगणना खात्याच्या पाहणीत इटलीत जन्मलेला एकही रहिवासी येथे आढळला नाही. दोन्ही बाजूंना उपाहारगृहे आहेत, दारात उभी माणसे हाक मारून बोलावतात, आणि तिरंगी झालरी बारा महिने लटकतात. येथे जेवण्यापेक्षा ग्रँड स्ट्रीटवर वळावे. फेरारा हे मिठाईचे दुकान १८९२ पासून आहे आणि डी पालो हे चीजचे दुकान १९२५ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. तेथे रांगेत नंबर घ्यावा लागतो आणि नंबर येईपर्यंत घाई करायची नसते. काउंटरवरच्या गृहस्थांनी आम्हाला तीन वेगवेगळ्या वयांचे चीज चाखायला दिले आणि प्रत्येक तुकड्याबरोबर तो कोणत्या ऋतूतल्या दुधाचा आहे ते सांगितले.

शाकाहारी वाचकांसाठी : पार्मेझान आणि पेकोरिनो या चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातले, दूध साकळवणारे रेनेट असते. ताजे मोझरेला आणि रिकोटा याबाबत दुकानात विचारावे, ते न रागावता सांगतात. स्फोल्यातेल्ला आणि कान्नोली या मिठायांच्या पापुद्र्यात काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात, तेव्हा तेही विचारून घ्यावे. लेमन आइस मात्र निर्धास्त खावे.

दुपारी ऑर्चर्ड स्ट्रीटवरचे टेनेमेंट म्युझियम पाहिले. टेनेमेंट म्हणजे आपल्या चाळीसारखी भाडेकरूंची इमारत. ९७ क्रमांकाची ही इमारत १८६३ मध्ये बांधलेली असून तिच्या खोल्या तेथे राहून गेलेल्या खऱ्या कुटुंबांच्या आठवणींवरून पुन्हा मांडल्या आहेत. पालेर्मोहून आलेले बाल्दिझ्झी कुटुंब १९२८ ते १९३५ या काळात, म्हणजे बहुतांशी मंदीच्या वर्षांत, येथे राहिले. आडोल्फो सुतार होता आणि कामाच्या शोधात हत्यारे घेऊन हिंडत असे. त्याने आणि त्याच्या बायकोने अमेरिकेत येताना कोट्याच्या कायद्याला वळसा घातला होता, हे मार्गदर्शक मुलीने अजिबात न लपवता सांगितले. त्यांची मुलगी जोसेफिन हिचा म्हातारपणी ध्वनिमुद्रित केलेला आवाज त्या खोलीत ऐकवतात. आईच्या स्वच्छतेच्या वेडाविषयी ती बोलते तेव्हा भिंतीलगतच्या त्या स्वयंपाकघराकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आदल्या दिवशी बेटावर वाचलेला ३,८४५ हा आकडा येथे एका घराचा झाला. तिकीट आधी काढून ठेवावे आणि बाल्दिझ्झींची खोली असलेलीच फेरी निवडावी, कारण सगळ्या फेऱ्या सगळ्या खोल्या दाखवत नाहीत.

रविवार : विल्यम्सबर्गचा जिल्यो

ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग भागात नॉर्थ एट्थ स्ट्रीट आणि हॅवमेयर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आवर लेडी ऑफ माउंट कार्मेल चर्च आहे. नेपल्सजवळच्या नोला गावातून आलेल्यांनी १९०३ पासून येथे आपल्या गावचा उत्सव सुरू केला. आख्यायिका अशी की पाचव्या शतकात नोलाचे बिशप पाओलिनो यांनी एका विधवेच्या मुलाला सोडवण्यासाठी स्वतः गुलामी पत्करली आणि ते परत आले तेव्हा गावकरी लिलीची फुले घेऊन सामोरे गेले. इटालियनमध्ये लिलीला जिल्यो म्हणतात, आणि त्या फुलांचा आज त्याच नावाचा सत्तर-ऐंशी फूट उंच मनोरा झाला आहे. त्याच्या अंगावर कागदाच्या लगद्याचे संत आणि देवदूत असतात, शेंड्यावर स्वतः संत पाओलिनो, आणि पायथ्याच्या चौथऱ्यावर अख्खा वाद्यवृंद व गायक उभे असतात. शंभराहून अधिक पुरुष हे सगळे खांद्यावर घेतात. वजन चार टनांच्या आसपास भरते.

आम्ही अकरा वाजताच पोहोचलो, पण रस्ता तेव्हाच भरला होता. काठी हातात घेतलेला ‘कापो’, म्हणजे म्होरक्या, मनोऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, वाद्यांना खूण करतो, गाणे एका ठरावीक स्वरापर्यंत चढते आणि त्या क्षणी मनोरा जमिनीवरून सुटतो. मग तो पुढे जातो, मागे येतो, जागच्या जागी डोलतो, आणि पुन्हा खूण झाली की एका दणक्यात खाली टेकतो. कोकणात शिमग्याला पालखी नाचवताना पाहिलेल्या कोणालाही हे परके वाटणार नाही : तोच खांद्यांचा ताल, तीच देव खाली टेकू न देण्याची जिद्द.

उचलणाऱ्यांपैकी एक जण विश्रांतीला आमच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. वय पन्नाशीच्या पुढचे, खांद्यावर टेंगळासारखी जाड झालेली जागा. त्याने ती अभिमानाने दाखवली. त्याचे आजोबा, वडील आणि आता मुलगा, सगळ्यांनी हा मनोरा उचलला आहे. तो आता या भागात राहत नाही. भाडी इतकी वाढली की चर्चभोवतालची बहुतेक जुनी कुटुंबे लाँग आयलंड आणि न्यू जर्सीकडे गेली, आणि उत्सवासाठी सगळे गाडी हाकत परत येतात. त्याआधीचा घाव वेगळा होता. ब्रुकलिन-क्वीन्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग वस्तीच्या मधून काढला गेला तेव्हा मूळचे चर्चच पाडावे लागले. हे सांगताना त्याने हात करून दाखवला तो महामार्ग आजही काही पावलांवर गडगडत असतो.

ऊन तेहेतीस अंशांचे आणि हवा चिकट होती. सावली पूर्वेकडच्या पदपथावर दुपारनंतरही मिळत नाही, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर हवीच. गाड्यांवर पिठीसाखर घोळलेले गरम झेप्पोले, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, मिळतात, ते कागदी पिशवीतच हलवून खायचे असतात. भुयारी रेल्वेच्या एल गाडीने बेडफर्ड अव्हेन्यू किंवा लॉरिमर स्ट्रीटला उतरून चालत जाता येते.

सोमवार : वॉशिंग्टन स्क्वेअर

वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये १८८८ पासून इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गारिबाल्डीचा पुतळा आहे. इटालियन समाजाने वर्गणी काढून तो उभारला. ला ग्वार्डिया यांचा जन्म याच परिसरात १८८२ मध्ये झाला. पण आम्ही येथे आलो होतो ते पूर्वेकडच्या एका इमारतीसाठी. वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ही दहा मजली इमारत आता न्यूयॉर्क विद्यापीठाकडे आहे. १९११ मध्ये तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल कंपनीचा बायकांची ब्लाउजे शिवण्याचा कारखाना होता.

२५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी व्हायच्या सुमाराला आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांना आग लागली. नवव्या मजल्यावरचे जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने मोडून पडला. १४६ जण मेले. त्यांत १२३ मुली आणि बायका होत्या, बहुतेक ज्यू आणि इटालियन. काही आगीत गेल्या, काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. या मृत्यूंनंतरच राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांतल्या सुरक्षिततेचे कायदे झाले.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये येथे स्मारक उभारले गेले. पोलादी पट्टी इमारतीच्या कोपऱ्यावरून खाली उतरते आणि पदपथाच्या डोक्यावर आडवी होते. तिच्यात मृतांची नावे कोरून आरपार कापली आहेत, आणि कमरेच्या उंचीवर बसवलेल्या काळ्या चकचकीत पट्टीत ती उमटतात. मजकूर इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत आहे. कातेरिना माल्तेझे आणि तिच्या दोन मुली, लुचिया आणि रोझारिया, अशी तीन नावे आम्ही शोधली. एका घरातली आई आणि दोन लेकी त्याच दिवशी गेल्या. रोझारिया चौदा वर्षांची होती. भाची स्वतः एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर काम करते. ती वर नवव्या मजल्याकडे पाहत राहिली आणि बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. दरवर्षी २५ मार्चला या मृतांच्या जुन्या पत्त्यांसमोर स्वयंसेवक खडूने त्यांची नावे आणि वये लिहितात. त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये असणाऱ्यांनी लोअर ईस्ट साइडच्या पदपथांवर ती अवश्य पाहावीत.

संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. आम्ही मॅकडूगल स्ट्रीटवरच्या काफे रेज्योमध्ये आश्रय घेतला. १९२७ पासूनची ही जागा आहे, काळपट भिंती आणि एक अवाढव्य जुने कॉफी यंत्र यांसह. भुयारी रेल्वेच्या काही स्थानकांत पाणी शिरले आणि घरी पोहोचायला रात्र झाली. जुलैमध्ये अशा सरी येतात, त्यामुळे संध्याकाळचा कार्यक्रम घट्ट बांधू नये.

मंगळवार : ब्राँक्समधील आर्थर अव्हेन्यू

खरे इटालियन बाजारपेठेचे आयुष्य पाहायचे असेल, तर मॅनहॅटन सोडून ब्राँक्सच्या बेलमाँट भागात आर्थर अव्हेन्यूवर यावे. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची गाडी फोर्डमला सोडते, पुढे दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते. सोमवारी काही दुकाने बंद असतात, म्हणून आम्ही मंगळवार धरला होता.

येथे इटालियन वस्ती झाली ती कामामुळे. जवळचे प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान आणि पाणीपुरवठ्याचे तलाव बांधायला गवंडी, माळी आणि खणणारे मजूर लागत होते. त्या काळच्या मजुरीचा एक दस्तऐवज प्रसिद्ध आहे. क्रोटन तलावाच्या कामासाठी १८९५ मध्ये निघालेल्या जाहिरातीत दिवसाची मजुरी तीन गटांत दिली होती : गोऱ्या मजुराला १.३० ते १.५० डॉलर, कृष्णवर्णीयाला १.२५ ते १.४० डॉलर आणि इटालियनाला १.१५ ते १.२५ डॉलर. म्हणजे त्यांची गणना गोऱ्यांत होत नव्हती. आज या वंशाची माणसे अमेरिकेत निःसंशय गोरी मानली जातात. हे कधी आणि कसे घडले, याचा विचार त्यांच्या नातवंडांनीही करावा असे मला मनापासून वाटते, विशेषतः आजच्या स्थलांतरितांविषयी बोलताना.

याच ब्राँक्समध्ये मॉट हेवन भागात पिचिरिल्ली बंधूंचे संगमरवर कोरण्याचे कारखानावजा दालन होते. वॉशिंग्टनमधला लिंकनचा बसलेला पुतळा आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासमोरचे दोन सिंह त्यांनीच दगडातून घडवले. आराखडे इतरांचे होते, त्यामुळे पाटीवर नावेही इतरांचीच आली. त्यांचे नाव मात्र शोधावे लागते.

रस्त्यावरच्या हातगाड्या हटवून विक्रेत्यांना छताखाली आणावे, म्हणून महापौर ला ग्वार्डिया यांनी १९४० मध्ये आर्थर अव्हेन्यूची मंडई उघडली. वांगी, कडसर ब्रोकोली राब, तुळशीच्या जुड्या आणि दोरीला टांगलेले चीज यांतून वाट काढत आत गेले की एका बाजूला सिगार वळणारे कारागीर दिसतात. बाहेर टायटेल ब्रदर्स हे १९१५ चे किराणा दुकान आहे. ते एका ज्यू कुटुंबाचे आहे. १९३० च्या दशकात, युरोपात ज्यूद्वेष पेटत असताना, त्या कुटुंबाने दुकानाच्या उंबऱ्याशी फरशीत सहा टोकांचा तारा बसवून घेतला. इटालियन गिऱ्हाईक त्यावरून आत येत राहिले. तो तारा आजही तेथे आहे.

माडोनिया बेकरीत १९१८ पासून पाव भाजला जातो. आम्ही ऑलिव्ह घातलेला एक पाव घेतला आणि समोरच्या दुकानातून नुकतेच मिठाच्या पाण्यातून काढलेले मोझरेला. बोर्गात्ती येथे पास्त्याची लाटलेली पोळी आपण सांगू त्या रुंदीने कापून देतात. दुपारचे जेवण एका पिझ्झाच्या दुकानात झाले. भट्टीवरचा तरुण अल्बानियाचा होता. त्याचे वडील नव्वदच्या दशकात आधी इटलीला आणि मग येथे आले. या रस्त्यावरची कितीतरी दुकाने आता अल्बानियन आणि मेक्सिकन कुटुंबे चालवतात, आणि पीठ मळण्याची त्यांची पद्धत म्हाताऱ्या इटालियन मालकांनी शिकवलेली आहे, असे तो अगदी सहज सांगत होता.

बुधवार, १६ जुलै : ईस्ट हार्लेम, ११५वा रस्ता

न्यूयॉर्कमधली सर्वांत मोठी इटालियन वस्ती एके काळी ईस्ट हार्लेममध्ये होती, हे आज तेथे फिरताना सहज लक्षात येत नाही. दुकानांच्या पाट्या स्पॅनिश आहेत आणि वस्तीला लोक एल बार्रिओ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या इमारती पाडून सरकारी गृहप्रकल्प उभे राहिले आणि इटालियन कुटुंबे ब्राँक्स, क्वीन्स आणि लाँग आयलंडला गेली. उरले ते प्लेझंट अव्हेन्यूजवळचे माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च.

सालेर्नो प्रांतातल्या पोल्ला गावच्या लोकांनी १८८१ मध्ये येथे पहिला उत्सव केला. १८८४ मध्ये चर्च बांधताना दिवसभर मजुरी करून आलेले इटालियन रात्री येऊन पाया खणत आणि विटा वाहत. चर्च उभे राहिले आणि त्यांना जागा मिळाली ती तळघरात, १९१९ पर्यंत. मॉट स्ट्रीटवर निदान इमारत दुसऱ्यांची होती. येथे तर स्वतः बांधलेल्या मंदिरात पस्तीस वर्षे खाली बसावे लागले. वर्षातून एकदा मात्र माउंट कार्मेलच्या मातेची, म्हणजे मेरीची, मूर्ती सगळ्या वस्तीतून मिरवली जाई, आणि त्या दिवशी रस्ता त्यांचा असे. बायका नवस फेडायला जुलैच्या तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालत. बऱ्या झालेल्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहिली जाई. काही जणी दारापासून वेदीपर्यंत जमिनीला जीभ लावत जात, आणि याची आयरिश पाद्र्यांना लाज वाटे.

दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा चर्चमध्ये पांढऱ्या आणि तपकिरी कपड्यांतल्या शेकडो हैतीयन बायका होत्या. हैतीमध्ये सो-दो येथल्या धबधब्यावर याच तारखेला याच मातेची यात्रा भरते. ज्यांना तिकडे जाणे शक्य नाही त्या वर्षानुवर्षे येथे येतात. माझ्या शेजारच्या बाई ब्रुकलिनहून पहाटे निघाल्या होत्या. परिचारिकेचे काम करतात, आणि मुलाच्या व्हिसाचा अर्ज अडला आहे म्हणून त्या अनवाणी आल्या होत्या. त्यांच्या पुढच्या बाकावर लाँग आयलंडहून आलेले ऐंशीच्या घरातले इटालियन आजोबा होते. त्यांचा जन्म ११४व्या रस्त्यावरचा. हैतीयन आल्या नसत्या तर हा उत्सव केव्हाच संपला असता, असे त्यांनी मला सांगितले, आणि त्या बाईंना बाकाच्या टोकाची, पंख्याजवळची जागा दिली.

या आजोबांनीच मला नदीकाठची ती मोठी शाळा दाखवली. १९४२ मध्ये ती इमारत झाली तेव्हा ती बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल होती आणि लिओनार्द कोवेल्लो तिचे मुख्याध्यापक होते. १८८७ मध्ये बाझिलिकातातल्या आविल्यानो गावी जन्मलेला हा मुलगा नऊ वर्षांचा असताना आला. त्याचे आडनाव कोव्हिएल्लो होते, ते शाळेतल्या शिक्षिकेने उच्चाराच्या सोयीसाठी बदलले. नाव बदलले गेले ते एलिस आयलंडवर नव्हे, वर्गात. त्याच कोवेल्लोंनी पुढे न्यूयॉर्कच्या शाळांत इटालियन भाषेला १९२२ मध्ये इतर परकीय भाषांच्या बरोबरीचे स्थान मिळवून दिले. वस्तीत पोर्तोरिकन मुले येऊ लागली तेव्हा शाळेने पालकांसाठी दारे उघडी ठेवली आणि भांडणे मिटवली. या भागाचे खासदार व्हितो मार्कांतोनियो हेही इटालियन मतदारांइतकेच पोर्तोरिकनांसाठी झगडले. माझ्या मते या वस्तीचा खरा वारसा या दोघांत आहे, आणि येथे येणाऱ्याने प्लेझंट अव्हेन्यूवरच्या प्रसिद्ध उपाहारगृहाच्या दाराचे छायाचित्र काढण्याआधी ही शाळा पाहावी.

संध्याकाळी मूर्ती बाहेर आली. पुढे बँड, मागे पाद्री, मग इटालियन म्हाताऱ्या, आणि मग क्रेयोल भाषेत गाणाऱ्या हैतीयन बायका. खिडक्यांतून स्पॅनिश बोलणारी कुटुंबे पाहत होती आणि काही जण खाली येऊन मिरवणुकीत सामील झाले.

जाणाऱ्यांनी ६ क्रमांकाच्या गाडीने ११६व्या रस्त्याला उतरून पूर्वेकडे पंधरा मिनिटे चालावे. त्या दिवशी चर्चमध्ये अनेक भाषांतल्या प्रार्थना होतात, वेळापत्रक दारावर लावलेले असते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि आत छायाचित्रे काढण्याआधी विचारावे. फर्स्ट अव्हेन्यूवर ११८व्या रस्त्याजवळ पॅट्सीज हे १९३३ चे कोळशाच्या भट्टीचे पिझ्झाघर आहे, तेथे साधा मार्गारीटा मागवावा. ज्यांना जुलै जमणार नाही त्यांच्यासाठी ऑगस्टचा पर्याय आहे. नेपल्सजवळच्या ब्रुश्यानो गावच्या लोकांनी १९०८ मध्ये येथे सुरू केलेला आणि १९७१ नंतर बंद पडलेला जिल्यो २००० मध्ये पुन्हा सुरू झाला आहे, आणि तो याच चर्चजवळ ऑगस्टमध्ये उचलला जातो.